पेटीला कुलूप लावून काय साधलं?

(महाविद्यालयीन मुलींसोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. मुलींची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. – संपादक)

मैत्रिणींनो,

मला दिलेला विषय पत्रिकेवर असा छापलाय : 'विद्यार्थ्यांमधील इंटरनेटचा समस्याजनक वापर'. मी संयोजक मैत्रिणीला म्हटलं, अगं, हे नाव वाचून निम्म्याजणी चहाला उठून जातील. ती म्हणाली, "नाही जायच्या. प्रत्येकीच्या घरात यावरून रोज भांडण आहे."

तिचं खरं आहे. आमच्या सल्ला केंद्रात बाई येते ती नवऱ्याच्या दारूचं सांगायला, नाहीतर लेकीला सासरी होणाऱ्या जाचाचं. ते बोलून होतं, चहा होतो, आणि निघताना दारात थांबून ती म्हणते, "ताई, अजून एक होतं. पोरगी मोबाइलमधून डोकंच वर काढत नाही. जरा समजवा तिला." आता तर नुसतं याच कामासाठी येणाऱ्या आयाही पुष्कळ आहेत. मुलाबद्दल येतात, पण मुलीबद्दल जास्त येतात. हा फरक लक्षात ठेवा, त्यावर मी पुढे बोलणार आहे.

मी आयुष्यभर कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं. त्यातली काही वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. त्यामुळे या विषयात मला काही कळतं असा लोकांचा समज आहे. तेव्हा सुरुवात मी माझ्या चुकीपासूनच करते.

पेटी

२०१६च्या सप्टेंबरनंतर इंटरनेट एकदम स्वस्त झालं, तुम्हाला आठवत असेल. त्याआधी मुली पन्नास-शंभराचं नेटपॅक मारून महिनाभर पुरवायच्या. सहा महिन्यांत चित्र पालटलं. रात्री दोनला राउंड मारावा तर निम्म्या खोल्यांत पांघरुणाखाली निळा उजेड. सकाळी पहिल्या तासाला मुली डुलक्या घेताहेत, मेसमध्ये शेजारी शेजारी बसून एकमेकींशी बोलत नाहीत. पालकांचे फोन यायला लागले. मग मी एक नियम केला. सुताराकडून लाकडी पेटी करून घेतली, चाळीस कप्प्यांची. रात्री नऊला प्रत्येकीने मोबाइल बंद करून कप्प्यात ठेवायचा, पेटीला कुलूप, किल्ली माझ्याकडे. पहाटे सहाला पेटी उघडायची.

पालक बेहद्द खूश. स्नेहसंमेलनात एका वडिलांनी व्यासपीठावरून माझे आभार मानले. मीही खूश होते, हे कबूल करायला हवं. आपल्याला वाटतं आपण मुलींचं भलं करतोय, त्यात चार लोक चांगलं म्हणतात.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला एक मुलगी होती. खेड्यातली, घरात कॉलेजला आलेली पहिलीच. पहिल्या वर्षी चांगले मार्क, दुसऱ्या वर्षी घसरण. डोळ्यांखाली काळं. मैत्रिणींनी सांगितलं, रात्रभर जागीच असते. मी झडती घेतली. 'झडती' हाच शब्द, दुसरा सौम्य शब्द मी वापरणार नाही. उशीच्या अभ्र्यात दुसरा मोबाइल सापडला. मी तिला काय विचारलं? "कोण आहे तो?" एवढंच विचारलं. ती गप्प. मी वडिलांना फोन केला. दुसऱ्या दिवशी ते आले, माझ्यासमोर एक शब्द बोलले नाहीत. तिची ट्रंक रिक्षात घातली आणि तिला घेऊन गेले. ती पुन्हा आली नाही.

दोन वर्षांनी ती मला एस.टी. स्टँडवर भेटली. कडेवर मूल. मी ओळखलं नाही, तिनेच हाक मारली. गाडीला वेळ होता, आम्ही बाकावर बसलो. तेव्हा तिने सांगितलं. वर्गातल्या एका मुलाने तिच्या नावाने खोटं खातं उघडलं होतं. गॅदरिंगचे तिचे साधे साडीतले फोटो त्यावर टाकायचा आणि खाली घाणेरडं काहीतरी लिहायचा. रोज रात्री नवं. ती रात्रभर बघत बसायची, आता काय टाकलंय, कोणी कोणी पाहिलंय, गावाकडचं तर कोणी नाही ना. त्याला विनवण्या करायची, कंपनीकडे तक्रारी करायची. एकदा पेटीत मोबाइल गेला आणि सकाळी सहाला पाहते तर रात्री टाकलेला मजकूर शंभर जणांपर्यंत पोचलेला. म्हणून तिने साठवलेल्या पैशांतून जुना मोबाइल घेतला.

ती म्हणाली, "मॅडम, मी मोबाइल बघत नव्हते. शेतात जागलीला जातात ना, रानडुकरं येऊ नयेत म्हणून? तशी मी जागलीला बसायचे."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही मोबाइल काढून घेतला असता आणि घरी कळवलं असतं." मैत्रिणींनो, मी नेमकं तेच केलं होतं.

खोटं खातं चालवणाऱ्या मुलाची पदवी झाली. ती आता मुक्त विद्यापीठातून बी.ए. करते आहे. बी.एस्सी. राहिलं ते राहिलंच.

मग हा सगळा बागुलबुवाच म्हणायचा का?

हे ऐकून तुम्ही म्हणाल, म्हणजे मोबाइलच्या नादाची ओरड खोटीच. तसं म्हणून सुटता येत नाही. त्रास खरा आहे. तो मी रोज पाहते.

या आजाराच्या नावाचा इतिहास मजेशीर आहे. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या आयव्हन गोल्डबर्ग या मानसोपचारतज्ज्ञाने 'इंटरनेट व्यसन विकार' असा एक आजार थट्टेने रचला. डॉक्टरांच्या जाडजूड पोथीत आजारांची लक्षणं लिहितात तशी त्याने याची लक्षणं लिहिली. त्याला गंमत करायची होती. पण लोक त्याला गंभीरपणे कळवू लागले, हे तर मला आहे! पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, किंबर्ली यंग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईने एका रुग्णाची हकीगत प्रसिद्ध केली. तो रुग्ण कोण असेल? संगणकात डोकं घालून बसलेला चष्मेवाला पोरगा, असंच आपल्याला वाटेल. नाही. ती होती त्रेचाळीस वर्षांची गृहिणी. संसार सुखाचा असल्याचं सांगणारी, पूर्वी कसलं व्यसन नाही, मानसिक आजार नाही, संगणकाची आवड नाही. ती गप्पांच्या खोल्यांत तासन्‌तास अडकली आणि घर विस्कटलं. या विषयातली अगदी सुरुवातीची नोंद अशी एका घरबसल्या बाईची आहे. तिला त्या गप्पांत काय मिळत होतं, हा प्रश्न आपण स्त्रियांनी तरी विचारायला हवा.

यंगबाईंनी आठ प्रश्नांची यादी केली, ती जुगाराच्या व्यसनाच्या कसोट्यांवरून. जुगारच का, ते आपल्याकडच्या बायकांना सांगायला नको. ज्यांच्या घरात मटका होता त्यांना ठाऊक आहे. आकडा रोज लागला असता तर माणूस कंटाळला असता, कधीच लागला नसता तर सोडून दिला असता. तो कधीतरी लागतो, म्हणून ओपन-क्लोजची वाट बघत माणूस जन्म घालवतो. मोबाइलच्या पडद्यावर बोट सरकवताना तेच होतं. दहा निरर्थक व्हिडिओ, अकरावा मस्त. कधी कोणी आपला फोटो वाखाणतं, कधी नाही. शिवाय मटक्याचा अड्डा रात्री बंद तरी व्हायचा. इथे पान संपतच नाही. बोट सरकवत राहावं आणि खाली नवं येत राहावं, ही युक्ती २००६ मध्ये एझा रास्किन या संगणकतज्ज्ञाने काढली आणि पुढे त्यानेच तिच्याबद्दल जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. पान संपलं की माणूस मान वर करतो आणि विचार करतो, आता उठू का? तो क्षणच काढून टाकला. तेव्हा 'पोरांना संयमच नाही' म्हणताना हेही लक्षात ठेवा, की पोर एकटं आहे आणि समोर जगातल्या बड्या कंपन्यांची हुशार माणसं पगार घेऊन बसली आहेत. गावात दारूचा गुत्ता होता तेव्हा आपण नुसतं पिणाऱ्याला बोललो नाही, आडव्या बाटलीसाठी मतं मागत फिरलो. गुत्ता कोणाचा, हे विचारण्याची आपली सवय इथेही उपयोगी पडेल.

आता हा आजार आहे की नाही? जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या नव्या यादीत, जी २०२२च्या जानेवारीपासून लागू झाली, खेळांच्या व्यसनाचा म्हणजे गेमिंगचा समावेश केला. एकूण 'इंटरनेटचं व्यसन' असा आजार त्या यादीत नाही. म्हणून अभ्यासक जपून 'समस्याजनक वापर' म्हणतात. आपल्या देशात बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१४ मध्ये यासाठी खास उपचार केंद्र सुरू केलं. म्हणजे त्रास आहे, उपचारही आहेत, पण दिसेल त्या मुलीला 'व्यसनी' म्हणण्याचा परवाना कोणालाही मिळालेला नाही.

तासांवरून ठरत नाही

त्रास केव्हा म्हणायचा? आया तास मोजतात. "सहा तास असते हो मोबाइलवर." पण त्या सहा तासांत दोन तास लेक्चर असेल, तासभर ग्रुपवर आलेल्या नोट्स असतील, अर्धा तास आईशीच व्हिडिओ कॉल असेल. तास सांगून काही कळत नाही. मी चार गोष्टी विचारते. ठरवूनही थांबता येत नाही का? झोप, अभ्यास, जेवण, माणसं यांतलं काय काय सुटलंय? मोबाइल हातात नसताना जीव कासावीस होतो का? आणि चौथी, सगळ्यांत महत्त्वाची : तू मोबाइल घेतेस तेव्हा कशापासून उठून जातेस?

हा चौथा प्रश्न मला पुण्यातल्या एका मुलीने शिकवला. पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिका तुम्ही पाहिल्या असतील. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेली हजारो मुलंमुली स्पर्धा परीक्षांसाठी तिथे राहतात. कॉट बेसिसवर जागा, मेसचा डबा, अभ्यासिकेतली नंबर घातलेली खुर्ची. ही मुलगी दुष्काळी तालुक्यातली, पदवीनंतर चौथं वर्ष. ती आपणहून आली. म्हणाली, "ताई, रात्री बारा ते तीन मी रील्स बघते. काय बघितलं ते सकाळी आठवतसुद्धा नाही. मला मजाही येत नाही त्यात."

मी तिला सोड म्हटलं नाही. सोडणार कसं? क्लासची लेक्चरं त्याच मोबाइलवर, चालू घडामोडी त्यावर, परीक्षेचं वेळापत्रक त्यावर. दारुड्याला गुत्त्यातच बसून अभ्यास कर म्हणण्यासारखं ते आहे. मी म्हटलं, आठवडाभर फक्त लिही. मोबाइल केव्हा उचललास आणि त्याच्या आधी काय झालं, एवढंच.

आठ दिवसांनी वही घेऊन आली. तिने स्वतःच शोधलं होतं. रात्री साडेनऊला वडिलांचा फोन यायचा. ते रागावत नसत. "निकाल कधी आहे गं?" एवढंच विचारत. फोन ठेवला की तिच्या पोटात गोळा यायचा. पुस्तक उघडलं की गोळा वाढायचा. रील्स सुरू केल्या की जायचा. बंद केल्या की दुप्पट होऊन परत यायचा, कारण आता तीन तासही गेलेले असायचे. तिच्या शब्दांत सांगायचं तर, "रोज रात्री मी कर्ज काढून कर्ज फेडत होते."

मानसशास्त्राची पुस्तकं हेच लांबलचक भाषेत सांगतात. ज्याला दुसरीकडे मन हलकं करता येत नाही, तो पडद्याकडे वळतो. थोडा वेळ बरं वाटतं, मूळ अडचण वाढते, पुन्हा पडदा. उदासपणा, भीती, एकटेपणा यांच्यासोबत हा त्रास हातात हात घालून येतो. आधी कोण आलं हे दर वेळी सांगता येत नाही. म्हणून नुसता मोबाइल काढून घेतला तर गोळा जागेवरच राहतो, फक्त त्यावरचं पांघरूण जातं.

तिने काय केलं, ते सांगते. दीडशे रुपयांचं गजराचं घड्याळ घेतलं, म्हणजे उशाशी मोबाइल हवाच, हे निमित्त गेलं. रात्री मोबाइल शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीकडे चार्जिंगला. मैत्रिणीचा हिच्याकडे नाही, कारण मग दोघी फसतील! नोट्सच्या छापील प्रती काढल्या. संध्याकाळी तासभर पायी फिरणं. आणि मुख्य म्हणजे गावाला जाऊन वडिलांशी बोलली : अजून एक प्रयत्न, त्यानंतर मी नोकरी बघणार, तोवर निकालाचं विचारू नका. वडील गप्प बसले, मग म्हणाले, "मला तर तुझ्याशी बोलायचं असतं. दुसरं काय विचारावं ते सुचत नाही." आता ते पावसाचं आणि म्हशीचं बोलतात. ती दोन-चार वेळा घसरली. घसरल्यावर येऊन सांगायची. आता झोपते. परीक्षेत पास झाली का, हे मला विचारू नका, तिलाही विचारू नका.

मुलाला डॉक्टर, मुलीला स्थळ

आता तो फरक. मुलगा रात्रभर गेम खेळतो तेव्हा घर म्हणतं, त्याला नाद लागलाय, कोणाला तरी दाखवायला हवं. मुलगी रात्रभर जागते तेव्हा घर म्हणतं, हिचं काहीतरी चाललंय. मुलाला डॉक्टर दाखवतात, मुलीला स्थळ दाखवतात. त्याचं व्यसन हा आजार, तिचं व्यसन हे चारित्र्य. बरं, पैशांचं नुकसान कोणाकडून जास्त? आमच्याकडे आलेली कर्जबाजारी पोरं ऑनलाइन पत्ते आणि सट्ट्यापायी बुडालेली होती. शेवटी २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेला पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा करावा लागला. पण झडती होते ती मुलींच्या उशांची.

आणि मुलींना बाहेर काय उघडं ठेवलंय? वसतिगृहाचं फाटक संध्याकाळी सातला बंद. ग्रंथालय रात्री अकरापर्यंत, पण ते मुलांसाठी, कारण मुली सातनंतर पोचणारच नाहीत. मैदानावर मुलगे. चौकातल्या चहाच्या टपरीवर उभी राहिली तर गावाला निरोप जातो. सातपासून सकाळी सहापर्यंत अकरा तास चार भिंती आणि एक पडदा, आणि वर आपणच विचारतो की ही पडद्यातच का असते. २०१५ मध्ये दिल्लीत विद्यार्थिनींनी 'पिंजरा तोड' म्हणत वसतिगृहांच्या वेळांविरुद्ध आंदोलन उभं केलं, ते मला या विषयाशी थेट जोडलेलं वाटतं. फाटक उघडलं तर पडदा थोडा आपोआप मिटेल.

दुसरीही बाजू पाहा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ३३ टक्क्यांनीच कधी तरी इंटरनेट वापरलं होतं, पुरुषांपैकी ५७ टक्क्यांनी. ज्या देशात बहुसंख्य बायकांच्या हाती ते पोचलंच नव्हतं, तिथे मुलीच्या हातातला मोबाइल ही आधीच मेहेरबानी समजली जाते. मेहेरबानी केव्हाही काढून घेता येते. म्हणून ती तक्रार करत नाही, मदत मागत नाही, जागलीला एकटी बसते.

केरळातल्या मुलीने काय केलं

कोझिकोड जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात रात्री दहा ते सकाळी सहा मोबाइल वापरायला बंदी होती. २०१९ मध्ये ती बदलून संध्याकाळी सहा ते रात्री दहा केली, म्हणजे नेमकी अभ्यासाची वेळ. बी.ए.च्या एका विद्यार्थिनीने हे मान्य करायला नकार दिला. तिला वसतिगृहातून काढलं. ती उच्च न्यायालयात गेली, आणि वडील तिच्या पाठीशी उभे राहिले. असा निर्बंध फक्त मुलींवर का, हाही तिचा मुद्दा होता. १९ सप्टेंबर २०१९ रोजी न्यायमूर्ती पी. व्ही. आशा यांनी निकाल दिला : इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या हक्काचा आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, आणि तिला वसतिगृहात परत घ्या. 'फहीमा शिरीन विरुद्ध केरळ राज्य' असं खटल्याचं नाव आहे. लिहून घ्या, उपयोगी पडेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या लैंगिक छळविरोधी नियमांतही म्हटलंय, की सुरक्षिततेचं कारण सांगून वसतिगृहात मुलींवर मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लादू नयेत.

तो निकाल वाचला तेव्हा माझी पेटी माझ्या ऑफिसातच होती. त्या आठवड्यात मी कुलूप काढलं. त्यात आता शिपाई मामा जुन्या किल्ल्या ठेवतात.

कुलूप काढल्यावर काय झालं? पहिले पंधरा दिवस मुली वेड्यासारख्या जागल्या. मग आम्ही सभा घेतली. मी म्हटलं, नियम तुम्ही करा. त्यांनी ठरवलं : साडेअकरानंतर खोलीत आवाज नाही, कानात घालूनच ऐकायचं. परीक्षेच्या महिन्यात व्हरांड्यातल्या टेबलावर स्वेच्छेने मोबाइल ठेवायचे, कुलूप नाही, नाव नोंदवायचं नाही. रविवारी संध्याकाळी कॅरम आणि गाणी. आणि एक गोष्ट त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतली : कोणी ऑनलाइन छळाची तक्रार घेऊन आली तर तिचा मोबाइल काढून घ्यायचा नाही आणि तिच्या संमतीशिवाय घरी कळवायचं नाही. तो कागद टाइप करून सूचनाफलकावर लावला. महिन्याभरात तीन मुली आल्या. तिघींचे त्रास आधीपासूनचे होते. कागद लागेपर्यंत थांबल्या होत्या. सगळ्याच मुली वेळेवर झोपायला लागल्या असं मात्र मी सांगणार नाही. काही जागतातच.

आपण काय करायचं?

आपल्या गटांनी करण्यासारखं थोडक्यात सांगते.

एक. आई तक्रार घेऊन आली की मुलीला बोलावून उपदेश करू नका. तिच्याशी एकटीशी बोला. पहिला प्रश्न 'किती वेळ बघतेस' हा नको, 'रात्री झोप लागते का' हा असू द्या. आणि छळ होतोय का, हे दर वेळी विचारा. ज्याला आपण नाद म्हणतो तो पहारा असू शकतो.

दोन. छळ असेल तर पुरावा पुसू देऊ नका, पडद्याचे फोटो काढून ठेवायला सांगा. दुसऱ्याच्या नावाने खातं उघडून फसवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे. ऑनलाइन पाठलागाला भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रियांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते, १९३० हा मदतीचा क्रमांक आहे. मुलगा कॉलेजातलाच असेल तर अंतर्गत तक्रार समितीकडे जा. समिती कागदावरच असेल, तर ते आपलं पुढचं काम.

तीन. छळ नसेल आणि त्रास खरा असेल, तर वहीचा उपाय करून पाहा. झोप, भूक गेली असेल, जीव नकोसा झाल्याचं बोलत असेल, तर वहीवर थांबू नका. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो, मराठीतही मिळतो. डॉक्टरकडे सोबत जा.

चार. तुमच्या गावातल्या वसतिगृहाचं फाटक किती वाजता बंद होतं, ग्रंथालयात संध्याकाळी मुली दिसतात का, ते जाऊन बघा. हा मोबाइलचाच प्रश्न आहे.

आणि पाच, जरा आपल्याकडे बघा. मघापासून मी पाहतेय, तिसऱ्या रांगेतल्या दोघीजणी मांडीवर मोबाइल ठेवून खाली बघताहेत. रागावत नाही. माझाही पिशवीत थरथरतोय. आपल्या संघटनेच्या ग्रुपवर रात्री बारा वाजता निवेदनांवर वाद घालणाऱ्या आपणच ना? घरी जाऊन लेकीसमोर आधी स्वतःचा बाजूला ठेवा आणि मग तिच्याशी बोला. पावसाचं बोला, म्हशीचं बोला. निकालाचं नको.

एस.टी. स्टँडवर त्या मुलीची गाडी लागली तेव्हा मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "असू द्या मॅडम, तुम्हाला कुठे ठाऊक होतं." तिने मला सोडून दिलं. पण मी रेक्टर होते. ठाऊक करून घेणं हेच माझं काम होतं.

चला, चहा झाला असेल. चहानंतर गटचर्चेत प्रत्येकीने आपल्या गावच्या वसतिगृहाची नियमावली काढा. जिच्याकडे नसेल तिने पुढच्या बैठकीला घेऊन या.